त्याला ठाऊक होतं का?

१९६८ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या उत्तर उपनगरांची झोप उडाली होती. गोरेगाव, मालाड, कांदिवली या पट्ट्यात झोपडीत, उघड्या पडवीत, रस्त्याकडेला निजलेल्या माणसांची डोकी रातोरात ठेचलेली सापडत होती. मेलेल्यांकडे चोरण्यासारखं काही नव्हतं. कुणाचं भांडण नव्हतं, भावकी नव्हती, शेताचा बांध नव्हता. पोलिसांना खुनाचा माग लागतो तो कारणावरून, आणि इथे कारणच हाती लागत नव्हतं. लोक काठ्या घेऊन रात्र जागवू लागले. अनोळखी भिकारी, गोसावी, वाट चुकलेला मजूर दिसला की आधी मार आणि मग चौकशी, असा तो काळ होता.

मुंबईला हे नवं नव्हतं. १९६५-६६ साली पूर्व उपनगरांत, रेल्वेच्या कडेकडेने, असेच हल्ले झाले होते. एकोणीस जणांवर हल्ला झाला आणि त्यांतले नऊ गेले. त्या वेळी त्या भागात रेंगाळणारा एक इसम पोलिसांनी उचलला होता. त्याची फाईल आधीपासून होती, दरोड्याच्या गुन्ह्यात पाच वर्षं तुरुंगात काढून आलेला. पण त्याला खून करताना कुणी पाहिलं नव्हतं, पुरावा नव्हता, म्हणून सोडून दिला. नाव रमण राघव. सिंधी दलवाई, तलवाई, अण्णा, थंबी, वेलुस्वामी अशी आणखी नावं त्याला होती. बोलणं तमिळ, हिंदी तुटकं, घर कुठेच नाही.

दुसऱ्या फेरीत तपास क्राइम ब्रँचचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे आला. त्यांनी जुन्या फायली झाडल्या. फोटो आणि वर्णन पोलीस ठाण्यांत फिरलं. २७ ऑगस्ट १९६८ रोजी डोंगरीच्या बाजूला फौजदार अ‍ॅलेक्स फियालो यांनी एका माणसाला ओळखलं आणि थांबवलं. अंगावरच्या कपड्यांवर रक्ताचे डाग होते, बूट चिखलाने माखलेले. जवळ काय सापडलं त्याची यादी वाचण्यासारखी आहे: चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचं घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद. बिऱ्हाड पाठीवर असलेल्या माणसाचा हा संसार. हाताचे ठसे जुन्या फायलीतल्या ठशांशी जुळले.

त्यानंतरचा प्रसंग पोलिसांच्या आठवणींतून, वर्तमानपत्रांतून इतक्यांदा सांगितला गेलाय की त्याची आता दंतकथा झाली आहे. तरी मी तो सांगणार, कारण या लेखाचा सगळा पेच त्यातच आहे. दोन दिवस तो काही बोलेना. शेवटी विचारलं, तुला काही हवंय का? म्हणाला, मुर्गा. कोंबडी आणली, त्याने पोटभर खाल्ली, पुन्हा मागितली, पुन्हा दिली. आणखी काय हवं असं विचारल्यावर म्हणाला की बाई हवी होती, पण कोठडीत तशी परवानगी नसते हे मला ठाऊक आहे, तेव्हा डोक्याचं तेल, कंगवा आणि आरसा द्या. तेल अंगाला चोळलं, भांग पाडला, आरशात पाहिलं आणि मग विचारलं, तुम्हाला माझ्याकडून काय पाहिजे? खुनांबद्दल सांग, असं म्हटल्यावर तो तयार झाला. पोलिसांना घेऊन निघाला, झुडपात दडवलेला लोखंडी आकडा काढून दिला, कुठे कुणाला मारलं ते दाखवत फिरला. कबुलीतल्या खुनांची संख्या चाळिसाच्या पुढे गेली.

कोठडीत काय चालतं आणि काय चालत नाही, हे ज्याला नेमकं कळतं तो माणूस वेडा कसा? सरकारी वकिलाला याहून सोपा प्रश्न नको. आणि झोपलेल्या अनोळखी माणसांना पैशांसाठीही नाही, सूडासाठीही नाही, रात्रीमागून रात्र मारत सुटणारा माणूस शहाणा कसा? बचावाच्या वकिलालाही याहून सोपा प्रश्न नको. हे दोन प्रश्न समोरासमोर ठेवले आणि न्यायसंस्थेला उत्तर द्यायला एकोणीस वर्षं लागली.

खटला मात्र चाळीस खुनांचा नव्हताच. मालाडजवळच्या चिंचवली गावात झोपलेल्या दोन माणसांच्या खुनाचा होता. २ जून १९६९ रोजी सत्र न्यायालयात सुनावणी सुरू झाली आणि बचावाच्या वकिलाने पहिल्याच पायरीवर सांगितलं की आरोपीचं मन ठिकाणावर नाही, तो आपला बचाव करू शकत नाही. न्यायालयाने त्याला मुंबईच्या पोलीस सर्जनकडे पाठवलं. २८ जून ते २३ जुलै असं त्याला निरीक्षणाखाली ठेवण्यात आलं. अहवाल आला की आरोपीला मनोविकृती नाही, बुद्धी सर्वसाधारण आहे, स्मरणशक्ती शाबूत आहे, आपण काय करतो आणि कशासाठी करतो याची त्याला जाण आहे. खटला पुढे चालला. आरोपीने गुन्हा कबूल केला.

मग बचावाने नायर रुग्णालयातल्या एका मनोविकारतज्ज्ञाला उभं केलं. त्यांनी आर्थर रोड तुरुंगात जाऊन आरोपीशी तीन वेळा बोलणं केलं होतं. त्यांचं मत असं की या माणसाला जुना, संशयाने पोखरणारा स्किझोफ्रेनिया आहे. आपण माणूस मारतो आहोत हे त्याला कळत होतं. पण ते वाईट आहे, कायद्याविरुद्ध आहे, हे त्याला कळण्याजोगं नव्हतं.

हे दोन डॉक्टर एकमेकांशी वाद घालत होते असं वरवर वाटतं. नीट पाहिलं तर ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते. पहिल्याने पाहिलं की यंत्र चालू आहे का: आठवतं का, बोलतो का, समजतं का. दुसऱ्याने पाहिलं की ते यंत्र कोणत्या जगात चालू आहे. न्यायालयाने पहिल्याचं मानलं आणि फाशी सुनावली.

कायद्याची बाजू इथे थोडी सांगितली पाहिजे. १८४३ च्या जानेवारीत लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटन नावाच्या स्कॉटिश कारागिराने एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली. ड्रमंड हे पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे खासगी सचिव होते. टोरी पक्षाची माणसं आपल्या पाठीवर आहेत, जाऊ तिथे आपला छळ करतात, अशी मॅकनॉटनची पक्की समजूत होती. ज्यूरीने त्याला वेडाच्या कारणाने निर्दोष सोडलं आणि वेड्यांच्या इस्पितळात पाठवलं. राणी व्हिक्टोरियासह सगळं सभ्य इंग्लंड खवळलं. उमरावांच्या सभेने न्यायाधीशांनाच बोलावून विचारलं की वेडाचा बचाव नेमका कधी चालतो, ते सांगा. त्यांनी दिलेली उत्तरं पुढे साम्राज्यभर पोहोचली. आपल्याकडे १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ८४ आलं, त्यातही हाच विचार आहे. कृत्य करतेवेळी मनाच्या विकृतीमुळे ज्याला आपल्या कृत्याचं स्वरूप कळत नाही, किंवा आपण करतो ते चुकीचं अथवा कायद्याविरुद्ध आहे हे कळत नाही, त्याचं कृत्य गुन्हा ठरत नाही.

या कलमाला आजाराचं नाव नको असतं. स्किझोफ्रेनिया असेल, नसेल, न्यायालयाला त्याचं अप्रूप नाही. त्याला एकच गोष्ट हवी: त्या रात्री, त्या घटकेला, त्याला ठाऊक होतं का? मनोविकारतज्ज्ञ ज्या माणसाला तपासतात तो मात्र त्या रात्रीचा नसतो, नंतरचा असतो. रमण राघवच्या बाबतीत अटकेनंतर दहा महिन्यांनी तपासणी झाली. दहा महिने जेवणखाण, वेळापत्रक, चार भिंती मिळालेला माणूस त्यांनी पाहिला. आणि कलम ८४ चा आधार घ्यायचा तर सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. ‘मी वेडा होतो’ हे वेड्यानेच सिद्ध करायचं. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली गुजरातमधल्या एका पत्नीहत्येच्या खटल्यात हा भार थोडा हलका केला. सरकारला जसा संशयापलीकडे पुरावा द्यावा लागतो तसा आरोपीला द्यायची गरज नाही, अधिक संभाव्य काय एवढं दाखवलं तरी चालेल, असं सांगितलं. हलका झाला तरी भार राहिलाच.

फाशीविरुद्ध रमण राघवने अपील केलं नाही. त्याला करायचंच नव्हतं. पण आपल्या कायद्यात सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, आरोपीने मागो न मागो. त्यामुळे कागद उच्च न्यायालयात गेले आणि तिथल्या न्यायमूर्तींना शंका आली. त्यांनी सर्जन जनरलना तीन मनोविकारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला सांगितलं. प्रश्न दोन होते. याचं मन विकृत आहे का? आणि त्यामुळे तो आपला बचाव करायला असमर्थ आहे का?

मंडळाने त्याच्याशी पाच बैठका केल्या, दरेक सुमारे दोन तासांची. भारतातल्या गुन्ह्यांच्या इतिहासात एखाद्या खुन्याचं आतलं जग इतक्या शांतपणे, इतक्या सविस्तर ऐकून घेतल्याची उदाहरणं मला फार आढळलेली नाहीत. त्यातून जे बाहेर आलं त्याची एक आखीव रचना होती. जगं दोन आहेत. एक ‘कानून’चं जग आणि दुसरं हे, आपण सगळे राहतो ते दुष्ट जग. तो स्वतः कानूनचा प्रतिनिधी, एक शक्ती. माणसं त्याचं पुरुषपण काढून त्याला बाई करायच्या प्रयत्नात आहेत. त्यासाठी त्याच्या वाटेत समलिंगी मोहाची जाळी टाकतात, कारण त्या संबंधाने तो बाई होईल. पण तो कानूनचा माणूस असल्याने हे साधत नाही, तो एकशे एक टक्के पुरुष आहे. सरकारनेच त्याला चोऱ्या करायला मुंबईला आणलं, गुन्हे करायला लावलं. आणि सरकारं देशात एक नाहीत, तीन आहेत: अकबराचं, ब्रिटिशांचं आणि काँग्रेसचं. तिन्ही त्याच्या मागे लागली आहेत.

हे वाचून हसू येतं आणि लगेच ओशाळायला होतं. लंडनच्या मॅकनॉटनमागे टोरी पक्ष लागला होता, मुंबईच्या रमण राघवमागे तीन सरकारं. मधे सव्वाशे वर्षं आणि दोन खंड, तरी विकाराची चाल तीच. शत्रू नेहमी मोठा असतो, राज्य चालवणारा असतो. रमण राघवच्या भ्रमात तर या देशावर राज्य करून गेलेल्या सत्ता एकमेकींवर रचलेल्या आहेत. शाळेत न गेलेल्या, गटारीकाठी झोपणाऱ्या माणसाने इतिहासाचा असा हिशेब मांडलेला पाहून मी बराच वेळ त्या पानावर थांबलो होतो.

शेवटच्या बैठकीत डॉक्टरांनी निरोप घेताना हात पुढे केला. त्याने हात द्यायला नकार दिला. मी कानूनचा प्रतिनिधी आहे, या दुष्ट जगातल्या माणसांना मी शिवणार नाही.

आता कलम ८४ पुन्हा वाचा. त्याला ठाऊक होतं का? कोठडीत बाई मिळत नाही हे ठाऊक होतं. आकडा झुडपात लपवायचा हे ठाऊक होतं. म्हणजे आपल्या जगाचे नियम त्याला माहीत होते, परदेशात गेलेल्या माणसाला तिथले नियम माहीत असावेत तसे. पण ते त्याचे नव्हते. चुकीचं म्हणजे कोणाच्या लेखी चुकीचं, एवढा एक प्रश्न त्या कलमाच्या तोंडावर सांडलेला आहे, आणि दीडशे वर्षं वकील तो पुसत आलेत.

मंडळाने दोन्ही प्रश्नांना होय म्हटलं. मन विकृत आहे आणि हा आपला बचाव करू शकत नाही. मग अशा माणसाची फाशी कायम करायची सुनावणी तरी चालवायची कशी, हा पेच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७५ चा तो निकाल ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध सिंधी ऊर्फ रमण’ या नावाने आजही वकिलांच्या तोंडी असतो. तोवर आरोपी येरवड्याच्या तुरुंगात, उपचार तिथल्याच मनोरुग्णालयात. अखेर ४ ऑगस्ट १९८७ रोजी उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली, कारण आजार बरा होण्यातला नव्हता. १९९५ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडं निकामी होऊन तो गेला. तो निर्दोष कधीच सुटला नाही, एवढं मात्र ध्यानात ठेवायला हवं. त्याच्या वेडाने त्याची फाशी टाळली, गुन्हा पुसला नाही.

त्याच्यावर श्रीराम राघवन यांनी १९९१ मध्ये रघुवीर यादवला घेऊन एक चित्रपट केला, तो अजून कुणी पाहिला नसेल तर पाहावा. अनुराग कश्यपच्या २०१६ च्या चित्रपटाने नाव घेतलं आणि गोष्ट वेगळीच सांगितली.

वाशिमला बसून मुंबईच्या या जुन्या खुन्यावर का लिहावं? कारण ‘वेड की आणखी काही’ हा प्रश्न आमच्या भागात जितका नेमाने विचारला जातो तितका मुंबईत विचारला जात नसेल. रिसोड म्हणू नका, मालेगाव म्हणू नका, मानोरा म्हणू नका, एखाद्या घरात पोरगा रात्र रात्र जागू लागला, भिंतीशी बोलू लागला, आईच्या हातचं खाईना कारण त्यात काही घातलंय म्हणू लागला, की पहिली चर्चा डॉक्टरची होत नाही. ‘बाहेरचं’ आहे का, ‘करणी’ आहे का, ही होते. आणि दुसरं कारण असं की वाशिमहून हिंगोली, परभणी ओलांडली की मानवत येतं.

मानवतचं नाव काढलं की माझ्या पिढीच्या मोठ्यांचे चेहरे अजून बदलतात. १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या काळात त्या गावात दहा खून झाले. बळी लहान मुली, बायका, एक तान्हं लेकरू. १९७२ हे दुष्काळाचं साल, माणसं आधीच रोजगार हमीच्या खडीवर. मुंबईहून तपासाला आले ते हेच रमाकांत कुलकर्णी. अभियोग पक्षाची कथा अशी होती की गावातल्या एका वजनदार माणसाच्या घरच्या बाईला मूल होत नव्हतं, एका मांत्रिकाने सांगितलं की वाड्यातल्या पिंपळावरच्या मुंज्याला कुमारिकांचं रक्त पाहिजे, मूलही होईल आणि गुप्तधनही निघेल. दोन माफीचे साक्षीदार झाले. परभणीच्या न्यायालयाने जबर शिक्षा दिल्या. उच्च न्यायालयाने तो वजनदार माणूस आणि ती बाई या दोन मुख्य आरोपींना पुराव्याअभावी सोडलं आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, निकाल न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड यांचा, ती सुटका कायम ठेवली. इतर काहींच्या शिक्षा टिकल्या. सुटलेल्यांची नावं लोक अजून घेतात. मी घेणार नाही, न्यायालयाने सोडलं म्हणजे सोडलं. त्या बाईच्या जातीवरून गावोगाव जे बोललं गेलं त्याचा तर आमच्या भागातल्या फासेपारध्यांना किती वर्षं त्रास झाला असेल, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. इंग्रजांनी जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींवरचा शिक्का १९५२ साली कागदावरून उठला, लोकांच्या डोक्यातून नाही.

मला इथे निराळंच काही दाखवायचं आहे. पिंपळावर अदृश्य कुणी आहे, त्याला रक्त लागतं, ते दिलं की जमिनीतून सोनं वर येतं. आणि जगं दोन आहेत, मी कानूनचा माणूस आहे, तीन सरकारं माझ्यामागे आहेत. या दोन समजुती शेजारी ठेवा. खरेपणात दोन्ही सारख्याच. पण रमण राघवला तपासायला तीन तज्ज्ञांचं मंडळ बसलं आणि मानवतच्या खटल्यात कलम ८४ चा मुद्दा पुढे आला नाही. यायलाही नको होता, कारण त्या समजुतीत एकटं कुणी नव्हतं. सांगणारा होता, ऐकणारे होते, कामगिरी वाटून घेणारे होते, आणि गावात तिची भीती वाटणारेही होते, म्हणजे तेही मानतच होते. मनोविकारशास्त्राच्या व्याख्येतही हे आहे: माणसाच्या भोवतालचा समाज जे मानतो ते मानणं म्हणजे भ्रमाचा आजार नव्हे. शंभर जण मानतात तेव्हा ती श्रद्धा किंवा अंधश्रद्धा, एकटा मानतो तेव्हा तो रोग. रमण राघवची अडचण ही की त्याच्या कानूनला दुसरा भक्त मिळाला नाही.

मानवतसारख्या समजुतीला औषध नाही, तिला फक्त कायदा आहे, आणि तो यायला एकेचाळीस वर्षं लागली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात या कायद्यासाठी झगडणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या तेव्हा चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि वर्ष संपायच्या आत जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. गुप्तधनासाठी नरबळी, अघोरी कृत्यं त्यात स्पष्ट लिहिली आहेत.

आणि क्रौर्य जितकं मोठं तितकं वेड मोठं, हाही एक गोड गैरसमज आहे. १९७६-७७ साली पुण्यात जोशी-अभ्यंकर हत्याकांडात दहा माणसं मारणारी चार तरुण पोरं कला महाविद्यालयात शिकत होती. नायलॉनच्या दोरीने गळे आवळले, मागे वास राहू नये म्हणून अत्तर शिंपडलं. १९८३ च्या नोव्हेंबरात चौघांना फाशी झाली. ‘असं करणारा माणूस वेडाच असला पाहिजे’ असं आपण म्हणतो ते आरोपीच्या दयेपोटी नाही, स्वतःच्या सोयीसाठी. शहाणा माणूस असं करू शकतो हे मान्य केलं की रात्री कडी दोनदा तपासावी लागते.

मग न्यायालय कुणाला खरोखर सोडतं? महाराष्ट्राचंच उदाहरण आहे. १९९४ च्या एप्रिलमध्ये एका पोलीस शिपायाने घरात, भांडणानंतर, आंघोळीच्या जागी बायकोच्या डोक्यात वाटण्याचा दगड घातला. सत्र न्यायालय, उच्च न्यायालय, दोन्हींनी जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली त्याला कलम ८४ खाली निर्दोष ठरवलं. कशावरून? वडिलांनाही मनोविकार होता. आजार घटनेच्या दोन वर्षं आधीपासूनचा, त्याचे उपचाराचे कागद होते. घटनेनंतर २७ जून ते ५ डिसेंबर या काळात त्याला पंचवीस वेळा इस्पितळात न्यावं लागलं होतं, आणि त्याची नोंद होती. भरदिवसा खून केला, लपला नाही, पळाला नाही. मारण्यामागचं कारण फुटकळ.

या यादीतलं सगळ्यात जड काय? माझ्या मते कागद. तो शिपाई सरकारी नोकर होता. त्याचं आजारपण कुठे ना कुठे रजिस्टरात चढत होतं: कोणत्या तारखेला नेलं, कोणी तपासलं, काय गोळी दिली. न्यायालयाला त्या घटकेचं मन दिसत नाही, म्हणून ते आधीचे आणि नंतरचे कागद पाहून मधली घटका ताडतं. रमण राघवकडे असा एकही कागद नव्हता. त्याच्याकडे होते ते आकडेमोडीचे दोन कागद, आणि तुरुंगाचे. पाच वर्षं तो शिक्षा भोगत होता तेव्हा त्या माणसाच्या डोक्यात काय चाललंय हे कुणी विचारल्याची नोंद असती, १९६६ साली पकडून सोडून देताना कुणी डॉक्टरला दाखवलं असतं, तर १९६८ च्या ऑगस्टात मालाडला झोपलेली माणसं कदाचित सकाळी उठली असती. हे ‘कदाचित’ मी जाणूनबुजून लिहितोय. मनोरुग्ण म्हणजे खुनी असं समीकरण कुणी यातून काढू नये. मनोविकार असलेल्या माणसांपैकी फार म्हणजे फार थोडी माणसं कुणाला इजा करतात. मार खाण्याचीच पाळी त्यांच्यावर जास्त येते.

आता आमच्या भागाकडे पुन्हा पाहू. वाशिमच्या घरात पोराचं डोकं फिरलं की कुटुंब कुठे जातं? शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईला सैलानी बाबांचा दर्गा आहे. मनोरुग्णांना तिथे आणण्याची रीत जुनी, हिंदू-मुसलमान दोन्ही जातात, होळीच्या सुमाराला यात्रा भरते आणि नारळांची होळी पेटते. मी तिथे जाणाऱ्यांना हसणार नाही. ज्या बाईचा नवरा सहा महिने झोपलेला नाही तिला तिथे निदान बसायला जागा मिळते, सारख्याच दुःखाची चार माणसं भेटतात, आणि कुणी ‘येडा’ म्हणून दगड मारत नाही. सरकारी इस्पितळ म्हणजे नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय, १८६४ पासूनचं. वाशिमहून दिवसभराचा प्रवास, सोबत दोन माणसं, बुडालेली मजुरी. जिल्हा रुग्णालयातही आता मानसोपचाराची सोय असते, पण तिथवर जाण्याआधी ज्या वाटा माणसं चालून येतात त्यांत वर्षं जातात. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशभर पाहणी केली. निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत असं त्यात निघालं.

दर्ग्यावर केसपेपर निघत नाही. गंडा बांधणारा तारीख लिहून देत नाही. म्हणजे ज्या माणसाचं मन चार वर्षं आजारी आहे, सगळ्या गावाला ठाऊक आहे, त्याच्या हातून उद्या विळ्याने काही घडलं तर कायद्याच्या दप्तरात तो त्या दिवसापर्यंत ठणठणीत शहाणा असतो. गाव साक्षीला येतं, ‘हा आधीपासून तसाच होता’ म्हणतं. उलटतपासणीत सरकारी वकील विचारतो की कोणत्या डॉक्टरला दाखवलं होतं? मग गाव गप्प. कलम ८४ श्रीमंतांसाठी लिहिलेलं नाही, पण ते चालतं ते रजिस्टरवर, आणि रजिस्टर कुणाचं असतं ते उघड आहे.

अलीकडे न्यायालयं थोडी पुढे सरकली आहेत. शत्रुघ्न चौहान प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शिक्षेनंतर जडलेला गंभीर मनोविकार हेही फाशी रद्द करण्याचं कारण होऊ शकतं. २०१९ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्याचा निकाल लागला. दोन लहान मुलींवर अत्याचार करून त्यांना मारणाऱ्या कैद्याला फाशी झालेली होती. तुरुंगात तो वर्षानुवर्षं गंभीर आजारी होता, आणि न्यायालयाने फाशी काढून उरलेलं आयुष्य कैदेत उपचारांसह घालवण्याची शिक्षा दिली. निकालाच्या मथळ्यावर त्याचं नाव नाही, ‘आरोपी क्ष’ एवढंच आहे. मनोरुग्णाची ओळख उघड करू नये, म्हणून. रमण राघवचं नाव पोरांना भेडवायला वापरणाऱ्या समाजात हा फरक लहान नाही. त्या दोन मुलींच्या घरच्यांना तो कसा वाटला असेल, हे मला सांगता येणार नाही आणि न्यायालयालाही सांगता आलेलं नाही.

१ जुलै २०२४ पासून दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. कलम ८४ आता कलम २२ झालं आहे. मजकूर जवळजवळ तसाच, १८४३ च्या त्या न्यायाधीशांच्या उत्तरातून आलेला. सिद्ध करण्याचा भारही आरोपीवरच. त्यामुळे खुनाच्या आरोपातल्या पोराचा बाप कोर्टाच्या आवारात रडत येतो आणि ‘साहेब, त्याचं डोस्कं फिरेल होतं हो’ म्हणतो, तेव्हा कुठलाही जाणता वकील त्याला पहिलं एकच विचारणार: नागपूरचा, अकोल्याचा, कुठलाही, कागद आहे का?